डब्यातलं, पाकिटातलं की सगळं घरचं? तुम्ही कुठवर विकतचं चालवता?

गोदाकाठची (नांदेड)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात घोळतंय म्हणून धागाच काढते. आमच्या घरात सध्या एकाच गोष्टीवरून तोंडातोंडी चालू आहे, स्वयंपाक सगळा मुळापासून करायचा का डब्यातलं पाकिटातलं वापरलं तर चालतं. मी नोकरी करते, ह्यांची पण शिफ्ट असते, लेकरं शाळेतून यायची वेळ आणि मी घरात शिरायची वेळ एकच. त्यामुळं माझ्याकडं टोमॅटो प्युरी, फ्रोजन मटार, नारळाच्या दुधाचं पाकीट आणि उकडलेल्या राजम्याचे दोन-चार डबे कायम असतात. आलं-लसूण पेस्ट कधी घरची कधी विकतची. पण काळा मसाला, येसर (डाळ-धान्य-मसाले भाजून केलेलं आमटीचं पीठ), शेंगदाण्याची चटणी, मेतकूट हे मात्र सासरहून येतं नाहीतर मी स्वतः करते, त्याला विकतची चव मला चालतच नाही.

आमच्या जाऊबाईंचं म्हणणं असं की डबा म्हणजे शिळं अन्न, त्यात औषधं मारलेली असतात, लेकरांच्या पोटात घालू नये. बरं त्या स्वतः खवा कुंथलगिरीहून आणतात, पोहे तर कोणीच घरी कांडत नाही, पापड बचत गटाकडून घेतात. खवा विकत आणला तर कोणी म्हणत नाही की घरी दूध का नाही आटवलं. मग राजम्याच्या डब्यालाच एवढं बोलणं कामून? मला खरंच समजून घ्यायचंय. कोण काय घरी करतं, काय विकत आणतं आणि का, कारणासकट लिहा प्लीज. "आमच्या काळी असं नव्हतं" एवढंच लिहून जाऊ नका.

बीडचा_पोऱ्या

ताई मी मूळचा माजलगावचा, सध्या पुण्यात, चार पोरं एका फ्लॅटवर. आमच्याकडं दोन प्रकारचं "तयार" असतं. एक दुकानातलं, म्हणजे छोल्याचा डबा, प्युरी, पेस्ट. आणि दुसरं आई देते ती पिशवी, सांडगे, शेवया, कुरडया, खारोड्या, वाळवलेली गवार, हरभऱ्याची वाळलेली भाजी, येसर. रात्री साडेनऊला येऊन सांडग्याची भाजी वीस मिनिटांत होते आणि सोबत आमच्यातल्या एकाला भाकरी येते (मला नाही येत, पोळ्या येतात). मला तर वाटतं की वाळवण म्हणजे आपल्याकडचं रेडीमेडच आहे, फक्त ते कारखान्यात नाही गच्चीवर झालेलं आहे. उन्हाळ्यात एकदा कष्ट करून ठेवायचे आणि पावसाळ्यात भाजी महाग झाली की काढायचं. डब्याचं काम पण तेच ना?

ज्वारीची_भाकर (परळी)

काम तेच असेल पण चव तीच नसते भाऊ. माझा आक्षेप औषधांना नाही, चवीला आहे. घरात वर्षभर पाकिटातली प्युरी वापरली तर लेकरांना तीच गोडसर आंबट चव लागते, मग गावाकडं गेल्यावर आंबाडीची भाजी, येसर आमटी, चिंचेचं सार, काहीच घशाखाली उतरत नाही. माझ्या भाच्याचं हेच झालंय, प्रत्येक भाजी लाल आणि दाट पाहिजे. आपल्या निम्म्या भाज्यांत टोमॅटो नव्हताच मुळात, आंबटपणाला चिंच होती. मग प्युरी पाहिजेच कशाला हा पण विचार करा. आणि पैशाचं पण बघा, कोरडा राजमा शिजून अडीच पट तरी होतो, डब्यात पाण्याचे आणि पत्र्याचे पैसे देतो आपण.

वसमतची_हळद

गोदाकाठची, बाई तू येसर घरी करतेस हे वाचून फार बरं वाटलं. तू डबे वापरतेस त्यालाही माझं काही म्हणणं नाही, पण मसाला का घरचा ते मी सांगते कारण तू कारण विचारलंस.

येसर करताना प्रत्येक जिन्नस वेगळा भाजावा लागतो. हरभऱ्याची डाळ मंद आचेवर भाजायची, तिचा पिवळा रंग जाऊन बदामी व्हायला पाहिजे आणि दाताखाली कुटकन फुटायला पाहिजे, आत कच्ची राहिली तर आमटीला डाळीच्या पिठाचा वास येतो. मग गहू, ते तडतडायला लागले की काढायचे. मग ज्वारी, मग बाजरी, बाजरी लवकर करपते तिच्याकडं पाठ करायची नाही. धने वेगळे, जिरे वेगळे, खोबरं सगळ्यात शेवटी कारण त्याचं तेल कढईला लागतं. लवंग, मिरे, दालचिनी, तेजपान थोड्या तेलावर. मिरची आमच्याकडं कमीच घालतो, तिखट नंतर काळ्या मसाल्याचं येतं. सगळं पूर्ण गार झाल्याशिवाय दळायला न्यायचं नाही, गरम दळलं की डब्यात ओल धरते आणि पावसाळ्यात जाळी होते.

आता कारखान्यात हे सगळं एका मोठ्या भांड्यात एकदम भाजलं तर डाळ कच्ची नाहीतर धने करपलेले, दोन्हीतलं एक होणारच. चव भाजण्यात आहे म्हणून ते घरी. मटार सोलण्यात काय चव आहे सांग. सोललेले मटार आण आणि निवांत बस.

गोदाकाठची (नांदेड)

मावशी हे किती छान सांगितलंत! मटाराचं तर मी आजच जाऊबाईंना वाचून दाखवणार.

ज्वारीची_भाकर दादा, चवीचा मुद्दा मला पटला, आमच्याकडं पण धाकट्याला सगळं लालच लागतं. त्यावर मी विचार करते. पण डब्यात औषधं असतात का नसतात हे कोणी सांगेल का? घरात तेच मुख्य भांडण आहे.

परभणीकर

मी परभणीला फूड टेक्नॉलॉजी शिकलोय आणि प्रोसेसिंगमध्येच काम करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

डब्यातलं अन्न औषधामुळं टिकतच नाही, उष्णतेमुळं टिकतं. अन्न डब्यात भरतात, हवा काढून झाकण बंद करतात आणि मग बंद डब्यासकट तापवतात. आतले जंतू मरतात, बाहेरचे आत शिरू शकत नाहीत, संपला विषय. फ्रान्समध्ये निकोला अपेर नावाचा मिठाईवाला होता, त्यानं ही रीत काचेच्या बाटल्यांत बसवली आणि १८१० मध्ये तिथल्या सरकारनं त्याला १२,००० फ्रँक बक्षीस दिलं. पत्र्याच्या डब्याचं पेटंट त्याच वर्षी इंग्लंडमध्ये निघालं. गंमत म्हणजे हे का टिकतं ते तेव्हा कोणालाच माहीत नव्हतं, जंतूंमुळं अन्न खराब होतं हे पाश्चरनं दाखवलं ते त्यानंतर अर्ध्या शतकानं.

टोमॅटो, आंब्याचा रस, अननस ह्या आंबट वस्तू. त्यांना उकळत्या पाण्याएवढी उष्णता पुरते. राजमा, मटार, मका, छोले आंबट नसतात, त्यांना साधारण १२१ अंश सेल्सिअस लागतं आणि ते दाबाखालीच मिळतं. आपल्या कुकरमध्ये शिट्टीच्या वेळी जवळपास तेवढंच तापमान असतं. म्हणजे राजम्याचा डबा हा मोठ्या कुकरमध्ये शिजवलेला राजमाच आहे, फक्त तो शिजल्यावर कोणी उघडलेला नाही.

आता डब्यात काय वाईट, तर मीठ. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते आणि डब्यातल्या पाण्यात भरपूर असतं. डबा उघडला की ते बुळबुळीत पाणी दिसतं ना, ते चाळणीत ओतून टाका आणि नळाखाली दाणे धुवा, आधी फेस येतो, फेस थांबेपर्यंत धुवायचं. बरंचसं मीठ निघून जातं. क जीवनसत्त्व तापवण्यात कमी होतं हे खरं आहे, पण प्रथिनं आणि तंतू तसेच राहतात. आणि टोमॅटोत जे लाल लायकोपिन असतं ते उलट शिजवल्यावर शरीराला जास्त मिळतं.

औषध म्हणजे प्रिझर्व्हेटिव्ह असतात ते पेस्टमध्ये, सॉसमध्ये, सरबतात, कारण त्या बाटल्या आपण उघडून महिना महिना वापरतो. लेबलवर असे पदार्थ आयएनएस नावाच्या क्रमांकानं लिहितात, आयएनएस २११ म्हणजे सोडियम बेंझोएट, २०२ म्हणजे पोटॅशियम सॉर्बेट. ३३० दिसलं तर घाबरू नका, ते सायट्रिक ॲसिड, लिंबात असतं तेच.

मोंढ्यातला_दादा (लातूर)

परभणीकर सरांनी लई चांगलं सांगितलं. मी किराणा होलसेलमधला माणूस, लेबलाचं मी सांगतो कारण लोकं रोज विचारूलालेत.

पाकिटावर जिन्नस ज्या क्रमानं लिहिलेले असतात तो क्रम वजनाचा असतो, सगळ्यात जास्त जे ते पहिलं. मसाल्याच्या पाकिटावर पहिलंच मीठ लिहिलेलं असलं तर तुम्ही मिठाला मसाल्याचा भाव द्यायलालाव. आलं-लसूण पेस्टवर लसूण आधी का पाणी आधी ते बघा. नारळाच्या दुधात नारळाचा अर्क किती टक्के ते छापलेलं असतं. मटाराच्या काही डब्यांवर प्रोसेस्ड पीज लिहिलेलं असतं, ते ताजे मटार नसतात, वाळलेले वाटाणे भिजवून भरलेले असतात. ताजे पाहिजे असतील तर फ्रोजनच घ्या. आणि एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा संस्थेचा, १४ आकडी नंबर नसलेलं पाकीट घेऊच नका, मग ते कितीबी घरगुती म्हणून विकूद्या.

दुसरं, मसाला घरी करायचा तर माल चांगला घ्या नाहीतर सगळे कष्ट वाया. मिरची देठासकट घ्या, हातात मोडल्यावर कडक आवाज यायला पाहिजे, वाकली म्हणजे ओल आहे आणि ओल्या मिरचीला आतून बुरशी असते ती वरून दिसत नाही. आपल्या भागात माल काय कमी आहे का, पानचिंचोलीची चिंच, कास्तीची कोथिंबीर, बोरसुरीची तूरडाळ, वसमतची हळद, ह्या सगळ्यांना २०२४ मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय. चिंचेचं बाटलीतलं कॉन्सन्ट्रेट घ्यायची गरज मराठवाड्यात तरी कोणाला पडू नये. चिंचोके काढून मीठ लावून गोळे करून बरणीत भरले की दोन-दोन वर्ष हलत नाहीत.

शहागंज (छत्रपती संभाजीनगर)

हमारे इथं नान खलिया घरी करतो तेव्हाचं सांगतो. मटण, खोबरं, खसखस, चारोळी, हळद, हे सगळं वाटून ताजंच लागतं, त्याला पाकीट चालत नाही, चव लगेच कळते. तर्री वर सुटायला वेळ लागतो, ती घाई करून येत नाही. पण तळलेला कांदा? तो आमच्या अम्मीनं पण आता विकत आणायला सुरुवात केलीय. मोठ्या दावतीला दहा किलो कांदा उभा चिरून तळायचा म्हणजे दोन माणसं सकाळपासून त्यातच. ओळखीच्या माणसाकडून तळलेला आणतो, वास घेऊन, जुन्या तेलाचा वास आला तर परत. नान तर आधीपासूनच भट्टीवरून येतात, घरी कोणीच लावत नाही, म्हणून नान खलिया घरचा नाही असं कोणी म्हणालेलं ऐकलं नाही.

उदगीरची_सून

सगळं वाचतेय. चवीचं झालं, जंतूंचं झालं, पैशाचं झालं, पण वेळ कोणाचा जातो हे कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते.

"घरचं सगळं मुळापासून" असं घरातलं जे माणूस म्हणतं ते बहुतेक वेळा कढईजवळ उभं नसतं. मी माझ्या सासरच्या लोकांबद्दल लिहीत नाहीये, सगळीकडं बघते म्हणून लिहिते. आधी वाळवण एकटी बाई करत नव्हती. कुरडयाचा चीक घोटायला, पापड लाटायला अख्खी गल्ली यायची, आज माझ्याकडं उद्या तुझ्याकडं. आता फ्लॅटमध्ये ती बाई एकटी, वर नोकरी, आणि अपेक्षा मात्र गल्लीभर बायका मिळून करायच्या तेवढीच. मग तिनं डबा उघडला तर तिला बोल लावायचा हे मला अजिबात मान्य नाही.

अजून एक. माझं माहेर लातूरचं. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं पाणी यायचं तेव्हा स्वयंपाक काय करायचा हे पाण्यावर ठरायचं. पालेभाजी तीन पाण्यांतून धुवायची म्हणजे किती पाणी जातं ते तेव्हा कळलं. पिठलं, सांडगे, वाळलेली भाजी, शेंगदाण्याची चटणी ह्याच्यावर आईनं दिवस काढले. तयार जिन्नस घरात असणं ही चैन नव्हती, त्याचा आधार होता. त्यामुळं कपाटात चार डबे आहेत म्हणून बाई आळशी असं जे म्हणतात त्यांनी टँकरच्या रांगेत उभं राहून बघावं.

ज्वारीची_भाकर (परळी)

ताई तुमचा मुद्दा एकदम बरोबर. मी चवीसाठी बोललो, बाईनंच करावं असं माझं म्हणणं नाही. आमच्याकडं रविवारी राजमा, छोले, हरभरे मीच भिजवतो आणि मीच शिजवतो. एकदम किलोभर शिजवायचे, गार करून एका भाजीपुरते डबे भरायचे, फ्रीजरमध्ये. मीठ आपल्या हातात आणि पैसे निम्म्याहून कमी. गोदाकाठचीताई, तुमच्याकडं मिस्टरांच्या सुट्टीच्या दिवशी हे जमण्यासारखं आहे. आणि जुलै २०२३ मध्ये टोमॅटो शंभराच्या पार गेला होता तेव्हा मी पण प्युरीच आणली, तेवढं मान्य करतो.

गोदाकाठची (नांदेड)

दादा ही कल्पना मला लईच आवडली, ह्यांना दाखवली, ते तयार आहेत. पण परभणीकर सर दोन शंका. एक, राजमा नीट नाही शिजला तर विषबाधा होते असं ऐकलं ते खरं का? दुसरं, आमच्याकडं उन्हाळ्यात लाइट चार-चार तास जाते, मग फ्रीजरमधलं टिकेल का? आणि असंच शिजवून घरी बरणीत हवाबंद करून ठेवलं तर फ्रीजरची कटकटच नको, ते चालेल का?

परभणीकर

तिसऱ्याचं उत्तर आधी देतो कारण ते धोक्याचं आहे. नाही, अजिबात करू नका. शिजवलेला राजमा, मटार, मका घरी बरणीत हवाबंद करून बाहेर ठेवायचा नाही. मातीत बोट्युलिनम नावाचा जंतू असतो, त्याची बीजं साध्या उकळीनं मरत नाहीत आणि त्याला हवा नसलेली, आंबट नसलेली जागाच आवडते. वास नाही, रंग नाही, आणि विष फार घातक. लोणच्यात मीठ आणि आंबट भरपूर म्हणून ते चालतं. तसंच घरची लसूण पेस्ट तेलात बुडवून ओट्यावर ठेवतात बऱ्याच जणी, ते पण बंद करा, फ्रीजमध्ये ठेवून चार-पाच दिवसांत संपवा नाहीतर बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा. ह्या एका बाबतीत विकतची पेस्ट घरच्यापेक्षा जास्त दिवस सुरक्षित राहते, कारण तिच्यात आम्ल मोजून घातलेलं असतं. दुकानातला डबा पण फुगलेला, शिवणीवर चेपलेला किंवा गळका असला तर चाखून सुद्धा बघू नका, सरळ टाका. आणि उघडलेल्या डब्यातलं उरलेलं त्याच डब्यात ठेवू नका, स्टीलच्या नाहीतर काचेच्या भांड्यात काढा.

राजम्याचं ऐकलेलं खरं आहे. कच्च्या लाल राजम्यात लेक्टिन नावाचं एक विषारी प्रथिन असतं, त्यानं जोरदार उलट्या होतात. रात्रभर भिजवा, ते पाणी टाका, नव्या पाण्यात कुकरला लावा आणि दाणा बोटांत सहज चेपेपर्यंत शिजवा, मग काही भीती नाही. नुसत्या मंद आचेवर तासन् तास ठेवून अर्धवट शिजलेला मात्र नको. डब्यातला शिजलेलाच असतो.

लाइटचं म्हणाल तर फ्रीजर गच्च भरलेला असेल आणि दार उघडलं नाही तर ४८ तास टिकतो, अर्धा भरलेला २४ तास. चार तासांत काही होत नाही, फक्त लेकरांना लाइट गेल्यावर दार उघडू देऊ नका. रिकामी जागा असेल तर पाण्याच्या बाटल्या भरून ठेवा. तरी पण एक-दोन डबे कपाटात असू द्या, त्यांना लाइट लागत नाही.

उदगीरची_सून

हे तेलातल्या लसणाचं पहिल्यांदाच कळलं, आमच्याकडं बरणी ओट्यावरच असते. आजच फ्रीजमध्ये टाकते आणि बहिणींच्या ग्रुपवर पाठवते.

बीडचा_पोऱ्या

आम्ही चौघांनी ठरवलंय, छोले रविवारी शिजवून ठेवायचे आणि प्युरी फक्त टोमॅटो महाग असताना. वसमतची_हळद मावशी, येसर थोडंसं, म्हणजे दोन वाट्यांचं, इथं करता येईल का? मिक्सर आहे, गिरणीवाला एवढंसं दळून देणार नाही. आईचं संपत आलंय.

वसमतची_हळद

होतं की रे बाळा. एक वाटी हरभरा डाळ, अर्धी वाटी गहू, पाव वाटी ज्वारी, पाव वाटी बाजरी, पाव वाटी धने, दोन चमचे जिरे, मूठभर खोबऱ्याचा कीस, चार लवंगा, दहा मिरे, दालचिनीचा बोटभर तुकडा, दोन तेजपानं, थोडं दगडफूल, हळद, हिंग. वर लिहिलंय तसं वेगवेगळं भाज. मिक्सरमध्ये थोडं थोडं फिरव, एकदम भरून फिरवलं तर ते गरम होऊन खोबऱ्याचं तेल सुटतं आणि गोळा होतो. चाळून घे, जाडसर राहिलेलं परत फिरव.

आमटी करताना दोन चमचे येसर आधी गार पाण्यात कालवून घ्यायचं, उकळत्यात कोरडं टाकलं तर गुठळ्या होतात. तेलात लसूण लाल कर, काळा मसाला टाक, लगेच पाणी ओत, करपू देऊ नको. खळखळा उकळी आली की कालवलेलं येसर ओत आणि हलवत राहा. जरा पातळच ठेव, बसल्यावर दाटते.

बीडचा_पोऱ्या

मावशी दगडफूल कोणाबरोबर भाजायचं? लवंगा-मिऱ्यांबरोबर टाकू का?

वसमतची_हळद

नको, जळून कडू होईल. सगळं भाजून झाल्यावर गॅस बंद कर आणि मग त्या गरम कढईतच टाकून दोनदा हलव, कुरकुरीत होतं तेवढ्यात. आधी निवडून घे मात्र, त्याच्यात सालीचे तुकडे आणि खडे असतात.